एकसष्टाव्या पानावरचा माणूस

माझी आत्या लाकडात चित्रं कोरायची. पुस्तकांसाठी. हे सांगितलं की लोक आधी "वा!" म्हणतात आणि मग विचारतात, "पण काम काय करायची?"

काम हेच. घट्ट पोताच्या लाकडाचा गुळगुळीत ठोकळा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि जिथे पांढरं हवं तिथलं लाकूड केसाएवढ्या कोरणीने काढून टाकायचं. जे शिल्लक राहतं त्याला शाई लागते आणि ते छापलं जातं. सगळं उलटं कोरावं लागतं, उजव्याचं डावं. म्हणून तिच्या टेबलावर एक हातभर आरसा कायम उभा असायचा. छापखान्यात नव्याने आलेल्यांना वाटायचं, बाई नटायची फार हौशी दिसतात. आत्याच्या केसांत लाकडाचा भुसा आणि नाकावर शाई बघूनही त्यांचा हा समज टिकायचा, याचं मला आजही कौतुक वाटतं.

हे टेबल मूळचं आजोबांचं. ते या छापखान्याचे जुने कोरीवकार. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. तिने गुपचूप कोरणी हातात घेतली. पुढची नऊ वर्षं चित्रं ती कोरायची आणि खाली सही आजोबांची उमटायची. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. "या वयात काय हात आहे हो! उलट आणखी सफाई आलीय." आजोबा विनयाने मान हलवायचे. शेवटी शेवटी त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

ते गेले तेव्हा छापखान्याचे मालक घरी भेटायला आले. बराच वेळ सुतकी चेहऱ्याने बसले आणि मग त्यांनी मनातलं दुःख बोलून दाखवलं. "आता चित्रांचं कसं होणार?"

"शुक्रवारपर्यंत होतील," आत्या म्हणाली.

मालक तसे उदार. त्या दिवसापासून पुस्तकांत ते 'चित्रे : कैलासवासी कोरीवकारांच्या कन्या' असं छापायला लागले. कन्येला स्वतःचं नावही असतं, ही बातमी छापखान्यात अजून पोचायची होती. मी त्याच छापखान्यात प्रुफं तपासायचे. एकदा मी तिथे तिचं नाव घालून बघितलं. मालकांनी ते चूक म्हणून खोडलं.

आत्या चव्वेचाळीस वर्षांची असताना शहराच्या माजी नगराध्यक्षांनी ग्रंथ लिहिला. अकरा वर्षं खुर्चीवर बसल्यावर लोकांनी त्यांना खुर्चीवरून उठवलं होतं. माणूस मोठ्या मनाचा. त्याच लोकांना सुधारायचा त्यांनी ध्यास घेतला. 'सुजाण नागरिकाचा सोबती', पानं तीनशे बारा. बारा सद्गुण, बारा दुर्गुण, आणि प्रत्येकाचं एकेक चित्र.

साहेब स्वतः जिने चढून आत्याच्या खोलीत आले. खुर्ची एकच होती, त्यामुळे आत्या उभी राहिली.

"सद्गुणांचं काही नाही बाई. चेहरे प्रसन्न काढा म्हणजे झालं," ते म्हणाले. "पण दुर्गुणांच्या बाबतीत जपा. चित्रातला माणूस शहरातल्या कोणासारखाही दिसता कामा नये. मला कोणाचं मन दुखवायचं नाही."

"मग कोणासारखा दिसू दे?"

"कोणासारखाच नको. नुसता वाईट दिसू दे."

एवढं सोपं करून सांगितल्यावर ते खाली उतरले.

आता कोणासारखाच न दिसणारा चेहरा आणायचा कुठून? आत्याने दोन दिवस कागदावर रेघोट्या मारल्या. जो चेहरा काढावा तो कोणाचातरी व्हायचा. एकदा दूधवाला झाला, एकदा माझे वडील झाले. तिसऱ्या दिवशी तिने मान वर केली, तर समोर आरसा. भिंग लावून लावून अर्धवट मिटलेली डाव्या डोळ्याची पापणी, थोडं उजवीकडे झुकलेलं नाक, पुढे आलेली मान. हा चेहरा आपला, याच्याबद्दल तक्रार करायला कोण येणार?

मग तिने बाराच्या बारा दुर्गुणांना स्वतःचंच तोंड दिलं. आळसाला दाढी लावली, गर्वाला उंच टोपी घातली, चुगलखोरीला गाल फुगवून दिले. माझ्याकडे प्रुफं आली तेव्हा मला पहिल्याच चित्रात ओळख पटली. मी वर जाऊन म्हटलं, "आत्या, अगं हे काय? सगळीकडे तूच!"

"हळू बोल," ती म्हणाली. "फुकट मिळालेलं मॉडेल आहे. हलत नाही, चहा मागत नाही."

एकसष्टाव्या पानावर खुशामत होती. एक माणूस दुसऱ्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा आहे. दोघेही घरात, वर धडधडीत छत. छत्रीवाल्याचा चेहरा आत्याचा, मिशी लावलेला. आणि ज्याच्यावर छत्री धरलीय त्याची नुसती पाठ दिसते, रुंद, कोटातली, समाधानी पाठ.

पुस्तक निघालं आणि दोन महिने दुकानात धूळ खात पडलं. सुधारायची लोकांना घाई नव्हती. मग एके सकाळी चौकातला औषधवाला छापखान्यात तावातावाने शिरला आणि एकसष्टावं पान मालकांच्या टेबलावर आपटून म्हणाला, "हा मी आहे!"

मालकांनी चित्र बघितलं, औषधवाल्याकडे बघितलं. औषधवाला गोलमटोल, नाक बसकं, मिशीचा पत्ता नाही. "तुम्हाला असं का वाटतं?" त्यांनी विचारलं.

"वाटतं? सगळं शहर ओळखतंय!"

शहर अर्थातच काही ओळखत नव्हतं. पण तो चारचौघांत सांगत सुटल्यावर ओळखायला लागलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं पत्र आलं की तो औषधवाला नसून आपण आहोत. त्यानंतर पाणी खात्याचे साहेब आले. आठवड्याभरात त्या एका छत्रीवाल्यावर सात जणांनी हक्क सांगितला. बाकीची अकरा पानं कोणाच्या अंगाला लागली नाहीत. आळशी, गर्विष्ठ, चुगलखोर असा त्या शहरात कोणीच नसावा.

पुस्तक हातोहात संपलं. मालकांनी सातही जणांजवळ मनापासून दुःख व्यक्त केलं आणि दुसरी आवृत्ती छापायला टाकली.

शेवटी नगरपालिकेने चौकशी समिती नेमली. तपास निःपक्षपाती व्हावा म्हणून समितीचं अध्यक्षपद खुद्द ग्रंथकारांकडे दिलं. आत्याला नोटीस आली. त्या नोटिशीवर तिचं पूर्ण नाव छापलेलं होतं, वडिलांच्या नावासकट, शुद्धलेखनाची एकही चूक न करता. छापील अक्षरांत तिने ते पहिल्यांदा बघितलं. "टाइप चांगला आहे," एवढंच म्हणाली.

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात भरली. हिरव्या कापडाचं लांब टेबल, मधल्या खुर्चीवर माजी नगराध्यक्ष, दोन्ही बाजूंना मान डोलवायला एकेक सभासद, आणि कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी इतिवृत्त लिहिणारा कारकून. उंच, वाळका, पन्नाशीला टेकलेला. आत्या ठोकळ्यांची पिशवी घेऊन बसली होती आणि मी तिच्याशेजारी.

"चित्रातली व्यक्ती आपणच आहात, हे सिद्ध करावं लागेल," अध्यक्षांनी सुरुवातीलाच बजावलं. "नुसतं म्हणून चालणार नाही."

औषधवाला उभा राहिला. "साहेब, आपण पदावर असताना आपल्याला खोकला झाला होता. तेव्हा मी दिवसातून तीनदा औषध घेऊन जातीने हजर राहायचो. खोकला बरा झाल्यावरही दोन महिने येत होतो. हे चित्र त्यावरूनच काढलंय."

"काहीतरीच काय!" मुख्याध्यापक ताडकन उठले. "दोन महिने? साहेब, आपल्या वाढदिवसाला सबंध शाळेला उन्हात उभं करून मी आपल्यावरचं गाणं म्हणायला लावलंय. सलग अकरा वर्षं. चाल माझी, शब्द माझे. खुशामतीत हा कालचा औषधवाला माझ्या पुढे?"

"गाणं काय कोणीही म्हणेल," पाणी खात्याचे साहेब शांतपणे म्हणाले. "अर्ध्या शहराचं पाणी बंद असताना साहेबांच्या बागेतलं कारंजं कोणी चालू ठेवलं?"

यावर मात करणं अवघड होतं. तरी उरलेल्या चौघांनी आपापल्या परीने प्रयत्न केला. एकाने साहेबांचा पडलेला रुमाल उचलताना कंबर कशी लचकली ते वाकून दाखवलं. अब्रू गेली म्हणून आलेली ही माणसं आपली अब्रू कशी आणि किती वेळा गेली याचे पुरावे देत होती, आणि दुसऱ्याचा पुरावा जास्त भारी निघाला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

माजी अध्यक्षांची कळी खुलत चालली होती. अकरा वर्षांच्या सेवेचं चीज झालं, असा चेहरा करून ते ऐकत होते. मग सहज, गंमत म्हणून त्यांनी चित्र हातात घेतलं आणि विचारलं, "बरं, छत्रीखालची ही पाठ कोणाची?"

सातही जण एकदम खाली बसले.

कोणी छताकडे बघत होतं, कोणी बुटांकडे. डोलणाऱ्या माना थांबल्या. साहेबांनी चित्र जवळ धरलं, मग लांब धरलं. त्यांचा रंग हळूहळू बदलला. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही सांगा. कोण आहेत हे दोघं?"

आत्या उठली. "छत्रीवाली मी आहे, साहेब. आरशात बघून काढलंय. सगळे दुर्गुण मीच आहे. ही पापणी बघा, हे नाक." तिने पिशवीतून ठोकळा काढला आणि आपल्या गालाशी धरला. "आणि पाठ छापखान्याच्या मालकांच्या कोटाची. खुंटीवर टांगलेला होता."

"पण त्या कोटात कोण आहे?"

"आत कोणी नाही, साहेब. नुसता कोट आहे."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. टोमणा मारायचं तिच्या डोक्यातही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि मग ते हसू सभागृहभर पसरलं. कोपऱ्यातल्या कारकुनाची लेखणी कागदावर टेकता टेकता थबकली. त्याने साहेबांच्या तोंडाकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली, नाही अशी. लेखणी वरच राहिली.

सात जणांना तर हा निव्वळ अपमान वाटला. "ही बाई?" मुख्याध्यापक ओरडले. "हिने जन्मात कोणाची खुशामत केलीय? विचारा कोणालाही!" समितीला ते पटलं. आत्याचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला. निकाल असा लागला की बाराही दुर्गुणांचे चेहरे ठोकळ्यांवरून काढून टाकावेत, आणि ते कोरणाऱ्या बाईनेच काढावेत. पाठीबद्दल निकालात अवाक्षर नव्हतं. ती काढा म्हटलं असतं तर कोणाची ते कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून पाठ राहिली.

ते काम आत्याने दोन दुपारींत केलं. मी प्रुफं द्यायला वर गेले तेव्हा ती आळसाच्या दाढीवरचे डोळे काढत होती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर तिने हातानेच थांबवलं. एकेका सुरकुतीला तिने तासतास दिला होता. आता कोरणी आडवी धरून ती सरळ खरवडत होती. बारा वेळा स्वतःचं तोंड पुसून झाल्यावर तिने टेबल झाडलं, खिडकी उघडली आणि पाठमोरी उभी राहिली. आजोबा गेले तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

तिसरी आवृत्ती बिनचेहऱ्याची निघाली. दाढीच्या वर पांढरं, टोपीच्या खाली पांढरं. आता मात्र लोकांना राहवेना. जो पुस्तक घेईल तो आधी पेन्सिल शोधायचा. कोणी सासऱ्याला बसवलं, कोणी घरमालकाला, कोणी कचेरीतल्या वरिष्ठाला. वाचनालयातल्या प्रतींत एकेका धडावर तीन तीन चेहरे खोडून काढलेले होते. वाचनालयाने शेवटी पेन्सिल आणायला बंदी केली, तेव्हा लोक नखाने कोरायला लागले. समितीने शहरातल्या प्रत्येक माणसाला व्यंगचित्रकार करून सोडलं होतं.

यानंतर आत्याला पुस्तकांची कामं येईनाशी झाली. मालकांनी तिला काढलं नाही. औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कोरायला दिल्या आणि आपल्या मोठेपणाबद्दल भेटेल त्याला सांगितलं. पहिलीच चिठ्ठी चौकातल्या औषधवाल्याच्या खोकल्याच्या औषधाची. आत्याने ती सुबक कोरली.

पण एका रविवारी बघते तर ती घरी खिडकीशी ठोकळा घेऊन बसलेली.

"कोणाचं काम?" मी विचारलं.

"माझं," ती म्हणाली. "एवढा आळ आलाय तर म्हटलं एकदा खरं करून बघू."

वर्षभरात तिने दहा चित्रं कोरली. सबंध चौकशी. या वेळी आरसा वापरला तो फक्त उलट्याचं सुलट बघायला. औषधवाला हुबेहूब औषधवाला होता, गालावरच्या चामखिळीसकट. वाकून दाखवणारा वाकलेला होता. कारंज्यावर फुशारकी मारणारे पाणी खात्याचे साहेब, मधल्या खुर्चीवर फुलत चाललेले माजी अध्यक्ष, कोणाच्याही चेहऱ्यात तिने रेघेची सूट दिली नव्हती. मालकांची छापायला छाती होईना. मी त्यांना आधीच्या तीन आवृत्त्यांची आठवण करून दिली. छाती झाली.

आम्ही नोटिशीची वाट बघत बसलो. महिना गेला, दोन गेले. काही नाही. पुढे मुख्याध्यापकांचं पत्र आलं. 'आपण ही अजब माणसं कोणत्या शहरात पाहिलीत? आमच्याकडे असे नमुने मिळत नाहीत.' माजी अध्यक्ष तर ते पुस्तक दिवाणखान्यात ठेवून पाहुण्यांना दाखवायचे. मधल्या खुर्चीवरच्या गृहस्थाला ते पोट धरून हसायचे, असं ऐकलं. आत्या आठ दिवस चिडचिडी झाली होती. "डोळे तपासून घ्या म्हणावं सगळ्यांनी," म्हणायची.

एकच माणूस आला. रविवारी दुपारी दार वाजलं. मी उघडलं, तर चौकशीतला तो उंच कारकून, काखेत पुस्तक. बसा म्हटलं तरी बसेना.

"नववं चित्र," तो आत्याला म्हणाला. "कोपऱ्यातला. तो मी आहे ना?"

"हो."

"मी असा बसतो?"

"त्या दिवशी असेच बसला होतात. लेखणी वर आणि डोळे साहेबांच्या तोंडावर."

तो टेकला खुर्चीवर. नवव्या चित्राचं पान उघडून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "तुमचं ते कोटाचं वाक्य मी लिहिलं नाही. सव्वीस वर्षांत अशी बरीच वाक्यं लिहिली नाहीत. घरी बायको असती तर तिला सांगितलं असतं. ती लवकर गेली."

आत्याने त्याला धीर दिला नाही. चहा दिला.

एखादं चित्र बघून माणूस नोकरीवर लाथ मारतो, असं गोष्टीत असतं. यांनी सोमवारी वेळेवर कचेरी गाठली. फक्त पुढच्या सभेत एक सभासद जे बोलले ते यांनी शब्दाला शब्द उतरवून घेतलं. सभासदांनी ते छापील इतिवृत्तात वाचलं आणि आपण असं बोलूच कसे शकतो म्हणून गहजब केला. कारकुनाची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिथे शांत वाटतं, असं ते सांगायला आले. मग दर रविवारी काही ना काही सांगायला यायला लागले.

शेजाऱ्यांनी दोघांचं लग्न तीन वेळा ठरवून मोडलंसुद्धा. शेवटी माझ्या आईने नणंदेला सरळ विचारलं, "वन्सं, काय ते एकदा ठरवा. लग्न करायचंय का?"

"त्यांना विचारलं नाही अजून."

"मग विचारा!"

पुढच्या रविवारी ते चहाचा कप तोंडाला लावत असतानाच आत्याने विचारलं. त्यांना ठसका लागला. विचार करून लेखी कळवतो म्हणाले, आणि खरंच तीन आठवड्यांनी एक कागद घेऊन आले, मोत्यासारख्या अक्षरातला, चार कलमांचा. पहिल्या तीन कलमांत होकार होता. चौथ्यात अट होती की यापुढे त्यांचं चित्र काढायचं नाही.

आत्याने भिंग लावून कागद दोनदा वाचला. मग त्यांच्याच खिशातली लेखणी काढून चौथं कलम खोडलं आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.